विषय क्रमांक सात

विषय क्रमांक सात : विद्यमान कचरा डेपोस
पुढील दहा वर्षांकरिता मुदतवाढ.
सभागृहात कूलर तीन, चालू एक,
त्यातही पाणी नाही, नुसती गरगर.
मे महिना. मी इतिवृत्त लिहायला बसलोय
आणि इतिवृत्तात घाम लिहीत नाहीत.

पहिले उठले बारापात्रे, पारडीचे, कापडाचं दुकान.
म्हणाले, पांढरा तागा ठेवणंच सोडलं साहेब,
घडी उलगडली की घडीच्या रेघेवर काळी ओळ दिसते.
खिशातून पुडी काढून त्यांनी टेबलावर उघडी ठेवली :
गच्चीवरून एका रात्रीत झाडलेली राख.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मी लिहिलं : धुराबाबत हरकत नोंदवण्यात आली.

मग पंचफुलाबाई निखारे, हातात अजून मोजे,
एक रबराचा, एक लोकरीचा.
"बंद कराचं म्हंता तं करा ना जी.
पन सतरा वरसं झाले, त्या ढिगानं मले
एकडाव नाही म्हटलं नाही.
तुमच्या हापिसानं किती डाव म्हटलं, मोजा."
हशा झाला. ती हसली नव्हती.
हशाही लिहीत नाहीत.
उपजीविकेचा मुद्दा मांडण्यात आला.

कंपनीच्या इंजिनिअरनं पडद्यावर ढीग हिरवा केला,
वर बाकं, कारंजं, फुगा धरलेली मुलगी,
जिची सावली उन्हाच्याच बाजूला पडत होती.
उंची, उतार, झिरपा, वायू.
मी आकडे पडताळले. आकडे बरोबर होते.
तेवढ्यात कूलरनं मान वळवली
आणि पुडीतली राख उडून
त्याच्या लॅपटॉपच्या बटणांवर जाऊन बसली.

शेवटच्या रांगेत एक माणूस, नाव यादीत नाही.
उमरेड रस्त्यानं येश्टीनं आलेला, गाव चिंचघाट.
पर्याय ब. पान एकेचाळीस, तळटीप.
"इथं नाही म्हनसान तं मंग आमच्याइकडं आनसान ना?"
तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही, अध्यक्ष म्हणाले.
माइक बंद झाल्यावर तो म्हणाला,
"आमच्या इहिरीले कोनती पत्रिका लागते?"

बावीस वर्षं मी हे मराठी लिहितो आहे.
चर्चा करण्यात आली. विचार करण्यात आला.
कर्ता कुठेच नाही, क्रियापदं आपली जातात
पहाटेच्या टिप्परसारखी, ताडपत्री ओढून.

माझ्या वडिलांची गादी आहे त्या ढिगात.
ते गेले त्या आठवड्यात मीच गुंडाळून दिली,
गाडीवाला नको म्हणाला तर वर पन्नास रुपये.
औषधांच्या बाटल्या, कवळी, एक न उघडलेलं थर्मामीटर.
इंजिनिअरच्या आकृतीत वर्षांना रंग होते,
खालचं तपकिरी, वरचं पिवळं.
त्या वर्षाचा रंग निळा निघाला.
मी निळ्याकडे पाहत राहिलो. एक-दोन वाक्यं सुटली.

साडेचारला मतं. सहापैकी तीन हात वर,
तीन टेबलावर, त्यातला एक बिस्किटाच्या बशीकडे.
अध्यक्षांनी पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायले.
"तीन वर्षं. दहा नाही. अटींसह."
टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत.
पंचफुलाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.
चिंचघाटच्या माणसानंही.

मसुद्यात मी एक वाक्य वेगळं लिहिलं :
चिंचघाटचा माणूस बोलला.
नाव विचारायला जिन्यापर्यंत धावलो.
खाली फक्त उन्हात उभ्या स्कूटर,
सीटांवर ओले रुमाल टाकलेले, वाळलेले.

परत आलो तेव्हा चहावाला पोरगा टेबल पुसत होता.
फडकं दुमडून त्यानं राख त्यात धरली,
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
"हे कुठं टाकू जी?"